खासदारबाईंची फाइल आणि भालेरावकाकांचा गुडघा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भालेरावकाकांना स्वतःच्या मुलाचा वाढदिवस आठवायला मिनिटभर लागतं. पण आमच्या मतदारसंघाच्या खासदारबाईंनी संसदेत कुठल्या कायद्याच्या बाजूने मत दिलं, कुठल्याच्या विरोधात, आणि कुठल्या शुक्रवारी दाढदुखीमुळे गैरहजर राहिल्या, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगतील.

मी इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. काका तिथूनच निवृत्त झालेले. सहा वर्षांपूर्वी मी या इमारतीत राहायला आले आणि टपालपेटीवर भालेराव हे नाव वाचून हरखून वर गेले. मराठी माणूस आधी गाव विचारेल, मग आडनाव, मग आडवळणाने पगार. काकांनी विचारलं, "तुझी खासदार कोण?"

"काका, मला अजून कचरा कुठल्या वारी नेतात तेही माहीत नाही."

"कचरा मंगळवारी जातो. खासदार चार वर्षं जात नाही. आधी काय शिकायला हवं, सांग."

मग त्यांनी तीन ओर्डनर काढले. इथे माणसाच्या आयुष्यात जे जे कागदावर येतं ते या जाडजूड फायलींत जातं, वीजबिलापासून घटस्फोटापर्यंत. काकांनी त्यांत बाई बसवल्या होत्या. लाल फायलीत पार्श्वभूमी: बेकरीवाल्याची मुलगी, गाईंची डॉक्टर, राजकारणात उशिरा. निळीत एकूण एक मतदान. हिरवीत निवडणुकीचा पैसा, म्हणजे बाईंच्या पक्षाला कोणी काय देणगी दिली ते. "तोंड बघून मत द्यायचं नसतं," काका म्हणाले. "रेकॉर्ड बघ, रेकॉर्ड."

गंमत म्हणजे काकांना मतच नाही. उभी नोकरी इथे करून त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं नाही. भारतात मत आहे, पण ते द्यायला गावी जावं लागतं. "मग ही उठाठेव कशाला?" मी एकदा चिडून विचारलंच.

"माझी आई मत द्यायला जाताना नवं लुगडं नेसायची," काका म्हणाले. "संविधानाने दिलंय म्हणायची. पण पाण्याचा अर्ज घेऊन खासदाराच्या गाडीपाशी उभी राहिली, तर त्याने काचसुद्धा खाली केली नाही. मत दिल्यावर त्या माणसावर लक्षही ठेवायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आल्झो, म्हणून मी ठेवतो."



दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी बाई आपल्या कचेरीत लोकांना भेटायच्या. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. काका इस्त्रीचा शर्ट, टाय आणि फायलींची पिशवी अशा थाटात जायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, की अमक्या बांधकामवाल्याने तुमच्या पक्षाला देणगी दिली आणि लगोलग तुम्ही नव्या रस्त्याच्या बाजूने मत दिलंत, हे कसं? दुसरी कोणी असती तर पुन्हा दारात उभं केलं नसतं. बाईंनी तीन पानी उत्तर पाठवलं आणि खाली पेनाने लिहिलं, पुन्हा या. काका नऊ वर्षं जात राहिले.

चार वर्षांपूर्वी शोभाकाकू, म्हणजे काकांच्या मिसेस, वारल्या. त्या दिवाळीत काकांनी स्वतः बेसनाचे लाडू केले. एक घाणा करपला, दुसरा बसला. त्यातल्या त्यात बरे असे बारा लाडू बाईंना न्यायचे ठरले. पण खासदाराला भेटवस्तू म्हणजे नियम आले. काकांनी दोन दिवस नियम वाचून जर्मनमध्ये निवेदन टाइप केलं: बेसन लाडू, बारा नग, घरगुती, कोणत्याही कायद्याच्या मोबदल्यात नाहीत. कचेरीतली सेक्रेटरी म्हणाली, एवढ्याशा खाऊची नोंद लागत नाही. काका हटून बसले. "आज लाडू, उद्या बंगला. पावती द्या." शेवटी बिचारीने एका कागदावर शिक्का मारून दिला. हिरव्या फायलीत बांधकामवाला, बियरवाला आणि त्यांच्याखाली देणगीदार म्हणून काका स्वतः, अशी यादी आजही आहे.

हे किस्से मी ऑफिसात रंगवून सांगायचे. लोक पोट धरधरून हसायचे. वर मात्र मी फारशी जायचे नाही. गेलं की तास मोडतो, आणि इथे कोणाला वेळ आहे?

गेल्या निवडणुकीत बाई पडल्या. त्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी दुपारी मी बसमधून उतरले, तर काका बाईंच्या कचेरीसमोर उभे. टाय, पिशवी, सगळं जागच्या जागी. काचेवरचं नाव खरवडून काढलेलं, आत रिकामी टेबलं.

"काका, बाई हरल्या ना?"

"हो, हो. माहितीये. किती मतांनी तेही माहितीये." मग काचेकडे बघत म्हणाले, "बुधवार होता ना. पाय इकडे वळले."

"नवा खासदार आलाय की. त्याची फाइल उघडा."

"उघडली. पण तो कॉम्प्युटरवर भेटतो. लिंक पाठवतो." पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. मी घ्यायला गेले तर दिली नाही.

त्यांना एकटं सोडवेना, म्हणून बरोबर वर गेले. जिना चढताना ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होते. हे कधीपासून, मला पत्ता नव्हता. घरात जातो तोच कोलोनहून मुलाचा फोन आला. तिकडून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं गेलं, काका "आलेस गुट" म्हणाले, आणि सगळं ठीक आहे एवढं सांगून फोन संपला. मग ते चहा टाकायला आत गेले.

मी निळी फाइल चाळत बसले. शेवटी एक विभाग होता, 'इतर'. त्यात काकांच्या बारीक मराठी अक्षरात तारखा आणि पुढे एकेक ओळ. 'गुडघ्याची चौकशी केली.' 'चौकशी नाही. घाईत होत्या.' 'शोभा गेल्याचं सांगितलं. बाहेरच्यांना थांबवून मला तासभर बसू दिलं.' 'लाडू आवडले म्हणाल्या. खरं नसावं.' अशी पानंच्या पानं. या माणसाला कसे आहात म्हणून कोणी विचारलं, त्याचं ते नऊ वर्षांचं रेकॉर्ड होतं, आणि सगळं एकाच बाईचं. जिन्यात भेटले की "काय काका, बरंय ना?" म्हणून मी पुढे पळायचे, ते त्यांनी धरलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

काका कप घेऊन आले. मी घाईने फाइल मिटली आणि म्हणाले, "काका, गुडघा कसा आहे?"

त्यांनी फायलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बसले, आणि अर्धा तास गुडघ्याविषयी बोलले. डॉक्टर, इंजेक्शन, जिना, थंडी. चहा निवून गेला. मी चपला घालत होते तेव्हा ते 'इतर' उघडून लिहीत होते. मी मान वाकडी करून वाचलं. तारीख, माझं नाव, 'गुडघ्याची चौकशी केली.' आणि पुढे कंसात: 'वाचून.'

आता दर बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघते. पंधरा मिनिटं म्हणून वर जाते आणि तासभर बसते. मागच्या खेपेला विचारलं, "काय लिहिलंत आज?"

काकांनी फाइल छातीशी धरली. "अजून कंस आहे," म्हणाले. "येत राहा."