परत येण्याचे सबळ कारण

प्रेमलताबाईंच्या पियूषला परदेशात नोकरी लागली. देश असा, की तिथं हिवाळ्यात नळातलं पाणी गोठतं; आणि काम असं, की शीतगृहाची यंत्रं दुरुस्त करायची. हे काम पियूष कळमन्याच्या संत्र्यांच्या शीतगृहात शिकला होता. बर्फात राहणाऱ्यांनाही थंडावा विकत लागतो हे ऐकून प्रेमलताबाईंनी देवापुढे हात जोडले आणि एवढंच म्हटलं, "तुझी लीला."

कंपनीनं कळवलं होतं : दिवाळीपर्यंत हजर व्हावे, अन्यथा जागा दुसऱ्यास देण्यात येईल. नोकरी मुदतीची, म्हणून परवान्याच्या अर्जात एक रकाना होता : 'मुदत संपल्यावर मायदेशी परत येण्याचे सबळ कारण.' पियूषनं लिहिलं, 'आई.'

अर्ज नामंजूर झाला. शेरा होता, 'सबळ कारण आढळत नाही.'

मायलेक धरमपेठेत जितेंद्र नावाच्या व्हिसा सल्लागाराकडे गेले. त्याच्या भिंतीवर पाच देशांची वेळ दाखवणारी पाच घड्याळं होती. भारताचं तेवढं बंद होतं.

"काकू, मनाले लावून घेऊ नका," जितेंद्र म्हणाला. "आई सगळेच लिहितात. प्रॉपर्टी पायजे. जागची हलत नाही अशी चीज."

"मी तरी कुठं हलते बाप्पा?" प्रेमलताबाई म्हणाल्या. "गुडघ्यानं उठवत नाही मले."

पण गुडघ्याचा सातबारा निघत नसल्यामुळे त्यांनी नरखेडला थोरल्या भावाला, आनंदरावांना, फोन लावला. आनंदरावांनी संत्र्याच्या बागेतली बांधालगतची एक ओळ भाच्याच्या नावे करून दिली. भाच्याला देण्यात पुण्य असतं, आणि झाडं कुठं जात नसतात.

दुसरा शेरा आला : 'संत्र्याची झाडे अर्जदाराच्या अनुपस्थितीतही वाढू शकतात.'

"बराबर आहे," आनंदराव म्हणाले. "हा येत नाही म्हणूनच वाढून राहिली."

मग पियूषचा हिमानीशी घाईनं साखरपुडा झाला. शेरा आला : 'वाग्दत्त वधूनेही याच कार्यालयात अर्ज केलेला आहे.' मग त्याला गल्लीतल्या गणेश मंडळाचा आजीव अध्यक्ष करण्यात आलं. शेरा आला : 'अशी तीन मंडळे आमच्या शहरातही आहेत. पैकी दोन फुटून झालेली आहेत.'

दिवाळी जवळ आली. पियूषनं जेवण सोडलं. प्रेमलताबाईंनी तर आधीच सोडलं होतं. फरक एवढाच, की त्यांच्या न जेवण्याला घरात उपास म्हणत.

जितेंद्रनं दार लावून घेतलं आणि आवाज बारीक केला. "काकू, आता एकच इलाज आहे. भाऊबंदकी."

"म्हंजे?"

"कोर्टात दावा. पियूषवर कोणीतरी केस टाकली पायजे. घरातलाच माणूस हवा, बाहेरच्याशी तडजोड होऊन जाते."

नरखेडहून बोलावून घेतलेल्या आनंदरावांनी कानांवर हात ठेवले. "मामानं भाच्यावर केस करायची? आपल्यात भाच्याच्या पाया पडतात वं प्रेमा! लोक काय म्हणतीन?"

"दादा, लोक म्हणतीन, हा पोट्टा परत येईन."

प्रेमलताबाईंचा गुरुवारी खोटं न बोलण्याचा नेम होता. म्हणून कागदपत्रं शुक्रवारी झाली. भाच्याच्या झाडांची सावली उन्हं कलल्यावर मामाच्या बांधावर पडते व त्यामुळे मामाच्या तुरीचे नुकसान होते, असा दावा होता.

दिवाळीच्या आधी परवाना आला. सोबत शेरा : 'अर्जदार परत येईल याबद्दल या कार्यालयास आता शंका नाही. अनुभव असा, की आपल्या भागातील माणूस आईसाठी येईलच असे नाही. बांधासाठी मात्र येतो. तरी दरवर्षी परवाना वाढवून घेतेवेळी तारखेला हजर राहिल्याचा दाखला जोडावा.'

मायलेक आनंदानं रडले. आनंदराव मात्र निरोप द्यायला आले नाहीत. ते बागेत सावली मोजत होते.

"खरंच पडते वं!" त्यांनी फोनवर सांगितलं. "मले वाटलं, आपण खोटं लिहिलं. पोट्ट्याच्या सावलीनं माझी अर्धी तूर खाल्ली ना!"

पियूष दरवर्षी आला. तारीख पडली की प्रेमलताबाई सण असल्यागत रवा भाजायला घेत. तो उतरायचा, वकिलाकडे जायचा, मामाला कोर्टात उलटसुलट बोलायचा आणि व्हरांड्यात बसून आईच्या डब्यातली पाटोडीची भाजी खायचा. "आई, मामाजींनी नवीन नकाशा आणला का वं?" असं तो घास घेता घेता विचारायचा. प्रेमलताबाईंनी आयुष्यात इतका शांतपणे जेवणारा पियूष पाहिला नव्हता. वकील आजारी पडून पुढची तारीख मिळाली की त्या वकिलाला मनापासून आयुष्य मागत.

तिसऱ्या वर्षी पियूष पेढे घेऊन आला. त्याला आणि हिमानीला तिथला कायमचा परवाना मिळाला होता. आता कुठल्याही रकान्यात परत येण्याचं कारण लिहायचं नव्हतं.

"आता काहून भांडायचं, मामाजी?" कोर्टात उभा राहून तो म्हणाला. "ओळ तुमची, सावलीही तुमची."

आनंदरावांचा ऊर भरून आला. "ये गा इकडे," म्हणत त्यांनी भाच्याला मिठी मारली आणि तिथंच वाकून त्याच्या पाया पडले. दोन्ही वकिलांनी माना खाली घातल्या. न्यायाधीशांनी प्रसन्न होऊन पेन उचललं. "तडजोड होत असेल तर आनंदच आहे."

"माही हरकत आहे, साहेब."

सगळे वळले. जन्मात कुणाशी मोठ्यानं न बोललेल्या प्रेमलताबाई, गुडघा धरून, उभ्या होत्या.

"आपण कोण?"

"पोराची आई."

न्यायाधीशांनी फाईल चाळली. "या दाव्यात आपला काही संबंध दिसत नाही."

"मग मले पार्टी करा. माहाबी दावा आहे त्याच्यावर."

"कशाबद्दल?"

"ते वकीलसाहेब लिहितीन," प्रेमलताबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही तारीख तेवढी द्या."

तारीख मिळाली. तेव्हापासून तालुक्याच्या त्या कोर्टात गच्चीसाठी, पाटासाठी, एका पितळी हंड्यासाठी पोटच्या पोरांवर दावे दाखल करणाऱ्या आयांची रांग लागते. तुमच्याही ओळखीत अशी एखादी भांडखोर म्हातारी असेल. तिला नावं ठेवण्याआधी, तिचा मुलगा कुठं राहतो तेवढं विचारा. आणि तुमच्या आईनं अजून तुमच्यावर दावा लावला नसेल, तर ते तुमच्या चांगुलपणामुळं असं समजू नका. तिला वकील सापडला नसेल.