आधी पाठ, मग तोंड

सोपानमामांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी तो उलटा करतात. माझ्या मुलीची लग्नपत्रिका द्यायला गेले, तेव्हा त्यांनी नवरा-नवरीची नावं पाहिलीच नाहीत. पाठ न्याहाळली, "कोरी हाय, काळजी न्हाई," म्हणाले आणि चहा टाकला.

मामा पूर्णा जंक्शनवर तिकीट तपासनीस होते. "तिकिटाच्या तोंडावर भाडं, पाठीवर हक्क," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नोकरी संपली, मामी गेल्या, मग ते आमच्या गल्लीतल्या लाइटबिलांच्या पाठी लागले. सकाळी त्यांच्या ओट्यावर बायाबापड्या बिलं घेऊन बसतात. कुणी रक्कम बघून हाय खाल्ली, की हुकूम सुटतो, "पलटी मार!"

गल्लीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. गेल्या साली त्यांच्यातली कविता परत आली, तर दारात भलंमोठं बिल पडलेलं. चालू रीडिंगच्या चौकटीत एकच शब्द होता : लॉक.

"मामा, दार आमचं, कुलूप आमचं," कविता तणतणली, "आन् भाडं ह्यांला कामून द्यायचं?"

मामा इतके हसले की कवळी सावरावी लागली. "अगं येडे, भाडं न्हाई ते! तुझं मीटर आत, दाराला कुलूप. म्हणून सरासरी ठोकलीय. अर्ज दे. खरं रीडिंग घेऊन बिल दुरुस्त करून मागायचा हक्क हाय तुला."

अर्ज दिला. पण दुरुस्तीच्या आधी वायरमनच वीज तोडायला शिडी घेऊन आला. कविताच्या सासूला दमा, वाफेचं मशीन विजेवर चालणारं. म्हातारी आत धापा टाकत होती आणि कविता शिडी धरून, "न्हाई चढू द्यायची," म्हणत होती. मी मामांना हाक मारली. ते लुंगीवरच आले.

"नोटीस कुठंय?"

"मामा, तोंडी सांगितलं होतं की."

"तोंड जेवायला असतंय, लेका. नोटीस लेखी लागती, पंधरा दिवस आधी. कागद दाखव, मीच शिडी धरतो."

वायरमनने खिसे चाचपले, फोन लावला, नुसतं "हो साहेब, हो साहेब" केलं आणि शिडी उतरवली. मामांनी त्यालाही चहा पाजला. पुढे बिल दुरुस्त होऊन आलं.

यंदा निघताना सगळ्यांनी किल्ल्या मामांकडे दिल्या. रीडिंगवाला आला की मामा दार उघडणार. व्यवस्था मला पसंत पडली. प्रत्येक किल्लीला नावाची चिठ्ठी मीच बांधली.

संक्रांतीला दिवेलागणीच्या वेळी तिळगूळ द्यायला गेले, तर मामा घरी नाहीत. बंद घरांच्या खिडक्यांत मात्र एकेक दिवा लागत होता. मामा कविताच्या घरात सापडले, हात बटणावर. युनिटा-युनिटासाठी भांडणारा हा माणूस!

"मामा, ह्याचं बिल?"

"मी भरतो की. रीडिंग शून्य आलं तं मीटर बंद हाय म्हणतेत. म्हणून जरा फिरवायलोय." उत्तर तयारच होतं.

मग मामांनी खिडकीतून गल्लीकडे पाहिलं.

"आन् ताई, अंधार पडला की गल्ली लय मोठी वाटायली. खिडकीत उजेड दिसला की कसं, माणसं आत हायेत, आत्ता हाक मारतेन, असं वाटतंय."

मी तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला आणि जुडग्यातल्या निम्म्या किल्ल्या काढून घेतल्या.

"गल्लीची पलीकडची बाजू माझी," म्हटलं.