पेणच्या संगणकातलं महमूद सरांचं घर

महमूद सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच “पाच मिनिटांचं काम आहे” असं म्हटलं, तेही बायकोसमोर. फरझानाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि दुपारच्या जेवणाचा डबा भरून दिला.

पेणला रामवाडीतल्या वाचनालयाचा संगणक लिनक्सवर चालायचा. त्याच्यासाठी सरांनी एक छोटा मदतनीस प्रोग्राम लिहिला होता. सभासदाच्या नावाची दोन अक्षरं टाकून टॅब दाबला, की पूर्ण नाव, त्याने नेलेलं पुस्तक आणि ते नेऊन किती काळ झाला ते समोर हजर. काल रोह्याजवळच्या अष्टमी गावी घरी बसून तोच प्रोग्राम वाचताना सरांना दरदरून घाम फुटला. लिनक्समध्ये प्रत्येकाच्या फोल्डरला घर म्हणतात, आणि पुस्तकांची यादी कुठे शोधायची त्या जागी सरांनी चक्क स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला होता. म्हणजे पेणचा संगणक गेले तीन आठवडे आंधळ्यासारखा चाचपडत असणार! त्यात वाचनालयाचे अध्यक्ष काळुराम यांनी बजावलं होतं, यंत्र आणखी एकदा अडलं तर ते माळ्यावर जाईल आणि नोंदींची जुनी वही खाली येईल.

कुणाला कळायच्या आत चूक निस्तरायची, या निश्चयाने सर सकाळच्या एसटीने पेणला पोहोचले. ग्रंथपाल नफिसा कुलूप उघडून झाडू मारत होती. सरांनी टॅब दाबला. प्रोग्राम चालला!

चालायला नको होता. सरांनी शोधलं, तर त्या संगणकात ‘महमूद’ नावाचं आख्खं घर उभं होतं. चार लोकांच्या यंत्रावर आपलं नाव? सर कानापर्यंत लाल झाले. त्यांनी प्रोग्राममधला पत्ता बदलून सर्वांसाठीच्या फोल्डरचा घातला आणि आत न डोकावताच ते घर पुसून टाकलं.

पुन्हा टॅब दाबला. काही नाही.

“सर, इथलं तुमचं घर कुठं गेलं?” नफिसा झाडू घेऊनच धावली. प्रोग्राम सरांचंच घर मागतो म्हटल्यावर तिने तसं घर बांधून आत यादी ठेवली होती. “कुवेतला गेलेल्यांची घरं नाय का आपण त्यांच्या नावानं उभी ठेवत? तसंच.”

एकुलती एक यादी त्या घराबरोबर गेली होती. पण सर आज मागे हटणार नव्हते. सुरुवातीला नफिसाने चाचणीसाठी पाठवलेली मूळ यादी अष्टमीच्या संगणकात तशीच होती. त्यांनी फरझानाला फोन लावला. तिने एका हाताने मासे तळत दुसऱ्या हाताने ती पाठवली.

“सर, ती जुनी यादी नको,” नफिसा कळवळून म्हणाली.

“नव्या नोंदी मागाहून घालू,” म्हणत सरांनी यादी योग्य जागी ठेवली. तेवढ्यात काळुराम पायऱ्या चढून आलेच.

“चालतंय का मास्तर?”

“चालतंय.”

“मंग दाखवा. तुमचंच नाव टाका.”

सरांनी दोन अक्षरं टाकून टॅब दाबला. महमूद सर, मिठागरांच्या इतिहासाचं पुस्तक, नऊ वर्षं.

धरमतरच्या मिठागरात जन्म काढलेले काळुराम हे पुस्तक कितीतरी वर्षं मागत होते.

“मी माझ्या यादीतून तेवढी एकच ओळ काढली होती, सर,” नफिसा पुटपुटली.

“यंत्र ऱ्हाऊ द्या,” काळुराम म्हणाले. “लय चोख हाय. आणि मास्तर, पुस्तक आणायला रोह्याची गाडी साडेबाराला हाय.”

सर डबा न उघडताच उठले. जिना उतरताना त्यांच्या मनात आलं, वही काही इतकी वाईट नव्हती.