चासीतली मुहूर्तमेढ

आरती मंचरहून वेल्डिंगचे रॉड घेऊन अवसरी बुद्रुकला परतली, तेव्हा अंगणात तिच्या गाडीच्या चासीतून झाड उगवलं होतं.

अगदी झाड नव्हे. नऊ फुटी खांब, शेंड्याला आंब्याचा टहाळा, अंगाला हळदकुंकू आणि पिवळ्या फडक्यात बांधलेली सुपारी.

"आत्या, हे काय?"

"मुहूर्तमेढ. तुझ्याच लग्नाची," झुंबरआत्या हात धूत म्हणाल्या. घरातलं शुभकार्य त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. "या घरातल्या समद्या मेढी याच जागी रोवल्यात. तुझ्या बापाची बी हितंच व्हती."

"पण इथं माझी चासी आहे!"

"हाय की. सरकवाय गेलो तर हलंना. मग म्हणलं, मधी भोक हाय, त्यातनं घालू."

"ते भोक नाय आत्या! तिथं इंजिन बसायचंय!"

"बसल की लग्नानंतर. आठ दिस मेढीला धक्का लागता कामा नये."

आरतीनं आठ महिने शेडमध्ये बसून, चौकोनी पाइप मिलिमीटरच्या हिशेबानं कापून हा सांगाडा जोडला होता. घरी बांधलेल्या गाड्यांच्या शर्यतीसाठी तो आज पास व्हायलाच हवा होता. नाव नोंदवायचा आजचा शेवटचा दिवस होता आणि परीक्षक तीन वाजता येणार होते.

"चौघंजण चासी उचलून वरनं काढू का?" वडिलांनी, संपतरावांनी, हळूच सुचवलं.

"शेंड्याचा टहाळा मोडायचा? मेढ हलली म्हंजी लगीन हललं! आण्याचं पावणं काय म्हणतील?"

आणे हे आरतीचं होणारं सासर.

परीक्षक तीनच्या ठोक्याला आले. त्यांनी चासीभोवती दोन फेऱ्या मारल्या. अंगणात जमलेल्या बायकांनी त्या प्रदक्षिणा समजून त्यांच्याही कपाळाला कुंकू लावलं.

"हा खांब आराखड्यात दिसत नाही," ते म्हणाले.

"तात्पुरता आहे, सर."

"लग्नापुरता," संपतरावांनी खुलासा केला.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मग चाचणी समजावली. चासीचं पुढचं टोक घट्ट जखडायचं, मागच्या एका कोपऱ्यावर तीनशे किलो ठेवायचे. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त पिळवटली तर नापास.

"जखडणार कशाला?" त्यांनी विचारलं.

आरतीनं मेढीकडे पाहिलं. तीन फूट जमिनीत होती. "जखडायची सोय झालीय, सर."

मेढीला काहीतरी बांधायला आत्यांची हरकत नव्हती, ते शास्त्रात बसत होतं. कासऱ्यानं पुढची पट्टी मेढीला आवळली. राहिलं वजन. कांद्याच्या गोण्या कालच बाजारात गेल्या होत्या. उरला होता रिकामा वजनकाटा आणि हळद दळायला जमलेल्या बायका.

"वजन मोठ्यानं वाचायचं न्हाई!" त्यांतल्या बायडाबाईंनी बजावलं.

"मी फक्त बेरीज लिहिते, मावशी."

चौघींत दोनशे सव्वीस झाले. "अजून चौऱ्याहत्तर," आरती म्हणाली आणि सगळ्यांनी एकदम आत्यांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय? मी साठाच्या वर न्हाई," म्हणत आत्या काट्यावर चढल्या. काट्यानं त्यांचं ऐकलं नाही. बेरीज बरोबर तीनशे चारवर गेली.

पाचही जणी मागच्या कोपऱ्यावर ओळीनं बसल्या. कोपऱ्याखालच्या विटा काढल्या. कुठंतरी करकर वाजलं. परीक्षक पोटावर झोपून मापं घेऊ लागले.

"दीड मिलिमीटर!" ते ओरडले. "पास!"

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे वर बघत होते. चासी पिळवटली नव्हती, पण मेढ चांगली हातभर कलली होती.

"आता गं बाई," बायडाबाई पुटपुटल्या, "हलली की."

धक्का लावणाऱ्यांत सगळ्यात वजनदार कोण, हे काट्यानं आधीच सांगितलं होतं. झुंबरआत्या सावकाश उतरल्या, पदर सारखा केला आणि मेढीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हलली न्हाई. वाकली," त्या म्हणाल्या. "सासरला नमस्कार केलाय मेढीनं. बघा, कशी आण्याकडं तोंड करून हाय. लई शुभ!"

"खरंच की!" बायकांनी हात जोडले. संपतरावांनीही जोडले.

आणे उत्तरेला होतं. मेढ सरळ दक्षिणेला झुकली होती. परीक्षकांनी मोबाइलवरचं होकायंत्र उघडलं.

"पण आणे तर या—"

"सर," आरतीनं त्यांच्या हातात कपबशी दिली आणि पेन काढून त्यांच्या वहीतल्या पास झाल्याच्या रकान्यावर ठेवलं, "आधी सही करा. चहा गार होतोय."