हॅरल्डकाकांची एक ओळ

हॅरल्डकाका दर शनिवारी वाचनालयात जाऊन पुस्तक खराब करायचे. तेही स्वतःचंच.

१९८०च्या सुमारास आम्ही अमेरिकेत कॅरी गावी राहायला गेलो, तेव्हा ते आमचे शेजारी. युनिव्हर्सिटीत कविता शिकवायचे, स्वतः नावाजलेले कवी. 'काका' हे शेपूट माझ्या बायकोनं, मीनलनं लावलं. 'काका' ही पीएचडीच्या वरची पदवी असावी अशा समजुतीनं ते कुणालाही ऐटीत सांगायचे, "आय अ‍ॅम हॅरल्डकाका."

पायाला भिंगरी बांधलेला माणूस! चहा उभ्यानं प्यायचा, वर्गात फळा ते खिडकी येरझाऱ्या घालायच्या. जेवलात का? "नॉट येट!" नवं पुस्तक झालं? "नॉट येट!" सिग्नलला थांबणं सोसत नाही म्हणून गाडीसुद्धा चालवत नसत. मी नुकतंच लायसन्स काढलेलं, मला प्रॅक्टिस हवी होती. झालो त्यांचा सारथी.

गावोगावच्या वाचनालयांत ते आपला संग्रह शोधायचे, ठरलेलं पान उघडून एक ओळ खोडायचे आणि वर पेन्सिलीनं दुसरी लिहायचे. मी पहाऱ्यावर. एकदा ग्रंथपालबाईंनी पकडलंच.

"सर, हे लायब्ररीचं पुस्तक आहे."

"मॅडम, ही माझी कविता आहे!" काकांनी मागच्या कव्हरवरचा फोटो दाखवला. फोटोत भरपूर केस होते. बाईंनी एकदा फोटोकडे, एकदा टकलाकडे पाहिलं आणि पेन्सिल जप्त केली. पुढच्या शनिवारी काकांनी दोन पेन्सिली घेतल्या.

"पब्लिशरलाच सांगा ना काका करेक्ट करायला," मीनल वैतागून म्हणाली.

"सांगितलं. तो म्हणतो, तीच लाइन फेमस आहे, हात लावू नका."

खरंच होतं ते. त्या कवितेनं त्यांना बक्षीस दिलं, नोकरी दिली. शेवटी एकदा गाडीत मी विचारलंच, एवढं काय आहे त्या ओळीत? जुनी ओळ होती, 'मुलगी रडत राहिली, म्हणून कविता अपुरी राहिली.' काका लिहायचे, 'कविता लिहीत राहिलो, म्हणून मुलगी रडत राहिली.'

मुलगी, एलन, दोन तासांवरच्या एका गावात शिक्षिका होती. कित्येक वर्षं बोलत नव्हती. फोन ठेवून द्यायची, पत्रं न उघडता परत पाठवायची.

"पण लायब्ररीत जात असेल," काका म्हणाले. "लहानपणी खूप आवडायचं तिला."

मी म्हटलं, मग आधी तिथंच का नाही गेलो? धीर होत नव्हता त्यांना.

पुढच्या शनिवारी तिथं गेलो, ओळ बदलली. मग दर शनिवारी तेच गाव. काका आत पळायचे, दोन मिनिटांत परत. "नॉट येट." पुस्तक जागच्या जागी. आठवडेच्या आठवडे.

आणि एका शनिवारी ते सावकाश चालत आले. बसले, बेल्ट लावला, हात मांडीवर ठेवले.

"शेल्फवर नाही. कुणीतरी नेलंय."

कुणीही नेलं असेल, परीक्षेला बसणारा एखादा विद्यार्थीसुद्धा. अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. गिळलं. किल्ली फिरवायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"थोडं थांबू या?"

आरसा नीट करायच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं. वाचनालय बंद होईपर्यंत आम्ही त्या पार्किंग लॉटमध्ये बसून होतो. काका एकदाही जागचे हलले नाहीत.