नानांचा एक तास

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी साडेअकरा वाजून गेले की आमच्या शेजारचे नाना शिऱ्याची वाटी घेऊन दारात उभे राहतात. त्या दिवशी ना सण असतो, ना कुणाचा वाढदिवस. पहिल्या वर्षी माझ्या बायकोने विचारलं, "नाना, आज काय विशेष?" तर आपल्या अहिराणीत म्हणाले, "टाईम बदलना," म्हणजे वेळ बदलली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते नेहमीसारखंच चाललं होतं.

नाना मूळचे धुळ्याकडचे. तिथल्या एका कॉलेजात कम्प्युटरची लॅब सांभाळून निवृत्त झाले आणि जळगावला, मेहरूणमध्ये, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. एकटेच. आपल्या देशात घड्याळ कोणी पुढेमागे करत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. ज्या देशांत करतात तिथली बित्तंबातमी त्यांच्याकडे असते. कुठे उन्हाळ्यात तासभर पुढे, कुठे हिवाळ्यात मागे, कोणत्या सरकारने यंदा विचार बदलला. पीटीच्या सरांची शिट्टी असते तसा पेन ड्राइव्ह गळ्यात. कुणाचाही कम्प्युटर दिसला की आधी कोपऱ्यातली वेळ बघणार, हवं ते अपडेट टाकणार आणि टेबलावर थाप मारून म्हणणार, "आते बठ्ठं बराबर शे." एकदा मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी यांची नाडी धरली होती आणि हे मान वाकडी करून डॉक्टरांच्या कम्प्युटरची वेळ तपासत होते.

मलाही सारखे टोकायचे. "तुना हापिसना कम्प्युटर जुना शे. येऊ का अपडेट टाकाले?" मी "बघू, बघू" करत वेळ मारून न्यायचो.

मी सावद्याला केळीच्या पॅकिंग सेंटरमध्ये नोकरीला. इराणला माल पाठवायचं पहिलंच काम एका एप्रिलमध्ये माझ्या गळ्यात पडलं. तिकडे सकाळचे नऊ वाजले की व्यापाऱ्याला फोन करायचा, त्याने होकार दिला की माल भरायचा, असं ठरलं होतं. केळी सकाळीच कापून आणलेली. आपल्याकडे दहा वाजता कम्प्युटरवर इराणचे नऊ वाजले आणि मी फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. आमचे मालक, भाऊ, येरझाऱ्या घालायला लागले. "कापेल केळं परत झाडाले लागत नाही," म्हणाले, आणि फाटकाशी ट्रक घेऊन उभ्या असलेल्या एका व्यापाऱ्याला सगळा माल पडेल भावात द्यायला निघाले. माझी नोकरीही त्याच ट्रकमध्ये भरली जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणून मी नानांना फोन केला. कम्प्युटरवर इराणचे किती वाजलेत, एवढंच त्यांनी विचारलं.

"तुना कम्प्युटर खोटं बोली ऱ्हायना," म्हणाले. "इराणवालास्नी घड्याळ हलवानं बंद करी टाकं. जुन्या कम्प्युटरले ते माहीत नही, तो उगाच एक तास पुढे पळस. तठे आते आठच वाजेल शेतस. चहा पी."

मी भाऊंपुढे हात जोडले आणि तासभर मागून घेतला. तो तास कसा गेला ते माझं मला माहीत. अकराला फोन लावला, पहिल्याच घंटीला उचलला. संध्याकाळी आमचा माल रस्त्याला लागला.

दुपारीच नाना एसटीने सावद्याला हजर झाले होते. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "सरक, कम्प्युटर देखू दे." आज माझ्या घरातली चूल त्या एका तासावर पेटते, हे मी कुणालाही सांगतो. नानांना सांगितलं की ते विषय बदलतात.

त्या नोव्हेंबरात शिऱ्याची वाट न बघता मीच सव्वाअकराला त्यांच्याकडे गेलो. नाना गॅसपाशी शिरा हलवत होते आणि नजर ओट्याशेजारच्या कम्प्युटरवर. पडद्यावर कॅनडाची वेळ, पहाटेचे दोन वाजत आलेले. त्यांचा मुलगा दीपक तिथे असतो. दोन ठिकाणी कामं करतो, झोपायला जेमतेम पाच तास मिळतात. फोन महिन्यातून एखादा.

"मग तुम्ही का नाही लावत?" मी विचारलं.

"तो कधी झोपस, कधी उठस, माले बठ्ठं माहीत शे," नाना म्हणाले. "कामवर ऱ्हास नही तं झोपेल ऱ्हास. मंग कशाले लावू?"

पडद्यावर एक एकोणसाठ झाले. पुढे दोन वाजले नाहीत, पुन्हा एकच वाजला. नानांनी गॅस बंद केला. टेबलावर थाप मारायला उचललेला हात त्यांनी तसाच खाली घेतला. वाटीत शिरा काढून माझ्या हातात दिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज पोऱ्याले एक तास जास्ती झोप भेटी."