आळीपाळीचा जिराफ

मागची खोली आईला द्यायची, असं बायकोने चहा गाळता गाळता जाहीर केलं आणि नळसाहेबांच्या हातातलं बिस्कीट कपात पडलं.

नळसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीमागे बसून बसून ते त्यांना चिकटलं होतं. लोक कोरडे नळ घेऊन यायचे आणि कोरडेच परत जायचे. पण माणूस गोड. एकालाही कधी "पाणी येणार नाही" म्हणाले नाहीत. "नोंदवून घेतलंय", "वरून यायला पाहिजे", "आज तुमच्या बाजूला नाही, पलीकडच्या बाजूला आहे" असं म्हणायचे, आणि पलीकडच्या बाजूचा आला की त्याला अलीकडची बाजू दाखवायचे.

घरात मात्र त्यांची सत्ता एका मागच्या खोलीपुरती. तिथे एक आरामखुर्ची, तीन मेलेले रेडिओ, खिळ्यांचे डबे आणि मुख्य म्हणजे दाराला आतून कडी. सुट्टीच्या दिवशी जेवले की नळसाहेब आत शिरायचे, कडी घालायचे आणि रेडिओ दुरुस्त करायचे. आजवर एकाही रेडिओने तोंड उघडलं नव्हतं. घोरणं तेवढं खणखणीत ऐकू यायचं. (पुरुषाला असं एखादं बीळ लागतंच. उंदीर तरी त्याला वर्कशॉप म्हणत नाही.)

"माझ्या आईचे गुडघे गेलेत," बायको म्हणाली. "तिला रोजचे जिने झेपत नाहीत. तिला इथे आणायचं."

"आणू या ना! मी कुठे नाही म्हणतो? फक्त जरा... विचाराधीन आहे."

"अहो, मी तुमच्या खिडकीवर उभी नाहीये!"

आता काहीतरी सोडायलाच हवं होतं. पाणी नसलं की टँकर सोडतात तसं. नळसाहेबांनी घाईघाईने मोबाईल काढला आणि एका जंगलातल्या लॉजची जाहिरात बायकोच्या नाकासमोर धरली. लाकडी खांबांवर उंच खोल्या. खिडकीशी एक जोडपं नाश्ता करतंय आणि बाहेरून एक जिराफ मान आत घालून त्यांच्या टेबलावरचं फळ खातोय.

"आधी इथे जाऊ. लग्नापासून तुला कुठे नेलं नाही असं म्हणतेस ना?"

"म्हणत नाही, नेलंच नाहीये." बायकोने फोटो निरखून पाहिला. "हा जिराफ खरंच येतो?"

"येतो म्हणजे? रोज येतो! लिहिलंय खाली."

"बरं. मग ऐका. या जिराफाने आपल्या खिडकीतून मान आत घातली, तर खोली तुमची. मरेपर्यंत विषय काढणार नाही. नाही घातली, तर खोली आईची. कडीसकट."

"मंजूर!" नळसाहेब म्हणाले. जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नसतो, हे तक्रारीच्या खिडकीत बसणाऱ्याला कळू नये? पण तसं आहे. हलवाई दुसऱ्याच्या दुकानातली मिठाई चवीने खातो.

लॉजवर पोहोचले. खोली उंच होती, खिडकीही मोठी होती. जिराफ सोडून सगळं फोटोतल्यासारखं होतं. म्हणजे तसं सगळंही नव्हतं. पोहण्याच्या तलावात घोट्याएवढं पाणी होतं आणि काठावर 'खोल पाणी, सावध राहा' अशी पाटी होती. संध्याकाळी जीपमधून जंगल बघायला नेलं. ड्रायव्हर मोठा उत्साही. जागोजागी थांबायचा आणि रिकाम्या झुडपाकडे बोट दाखवून म्हणायचा, "काल इथेच होता!"

"कोण?" बायकोने विचारलं.

"कोणीही बाई! काल या, म्हणजे दिसेल." आणि पुढे एका ठिकाणी शेणाचा पो दाखवून म्हणाला, "हे बघा, ताजं आहे." सगळ्यांनी त्याचे फोटो काढले. दुसरं काढण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी नळसाहेब खिडकीत हातात केळं धरून उभे राहिले. केळं काळं पडलं. बायको पलंगावर पाय पसरून शांतपणे म्हणाली, "आईला वाऱ्याचा त्रास होतो. आरामखुर्ची काढून तिथे पलंग लावू."

नळसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तडक मॅनेजरकडे गेले. मॅनेजर गुबगुबीत, हसतमुख, टेबलावर पेपरवेट गरगर फिरवणारा.

"आमच्या खिडकीत जिराफ आला नाही!"

"नोंदवून घेतो साहेब."

"नोंदवून काय घेता? येणार केव्हा?"

"आता काय आहे साहेब, सगळ्या खोल्यांना एकदम जिराफ पुरवता येत नाही. आळीपाळीने सोडतो. आज तुमच्या बाजूला नाही, तलावाकडच्या बाजूला आहे."

नळसाहेबांनी कान टवकारले. हे वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. दारात उभी असलेली बायको पोट धरून हसायला लागली. "अहो, हा तुमचा जत्रेत हरवलेला भाऊ तर नाही ना?"

"बाई गंमत करतात," मॅनेजर म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत तात्पुरती व्यवस्था करतो."

आणि खरोखर केली. दुसऱ्या दिवशी नाश्ता आला तेवढ्यात खिडकीबाहेर टेम्पो उलटा येण्याचा घरघराट झाला. "येऊ दे, येऊ दे, अजून, बस!" असा आरडाओरडा झाला आणि खिडकीतून एक मान आत आली. कान लांब. डोळे दुःखी. अंगावर तपकिरी ठिपके, आणि ठिपक्यांना कॉफीचा खमंग वास.

ते गाढव होतं. स्वयंपाकघराची भाजी वाहणारं. टेम्पोवर टेबल, टेबलावर गाढव, गाढवाच्या मागे त्याला ढकलणारा स्वयंपाकी. गाढवाने बशीतलं ऑम्लेट हुंगलं, नाक मुरडलं, पाव खाल्ला, मग पडदा खाल्ला आणि मग बायकोच्या खांद्यावर हनुवटी टेकून एक लांब सुस्कारा सोडला.

बायको हसली. अशी हसली की चहा नाकातून आला. पदराने डोळे पुसत, गाढवाचे कान खाजवत ती म्हणाली, "अहो, जाऊ द्या. मान तर आत घातली ना? मी यालाच जिराफ धरते. इतकी मी लग्नानंतर हसले नव्हते. खोली तुमची. आईचं बघते मी, भावाला सांगते."

आता कुठलाही शहाणा माणूस काय करील? बायकोला दुसरा कप चहा ओतून देईल, गाढवाला उरलेला पाव देईल आणि गप्प बसेल. बस्स! आयुष्यभराची खोली पदरात पडली होती! पण नळसाहेबांच्या अंगात तोवर तक्रारदार शिरला होता. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी जिरवलेल्या, आता स्वतःची एकुलती एक तक्रार ते कशी जिरू देतील?

"जिराफ म्हणजे जिराफ!" ते कडाडले. "हे गाढव आहे!"

"कळलं हो. दोन्ही ओळखते मी," बायको म्हणाली. "पुन्हा विचार करा."

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"मग माझाही तत्त्वाचा. पैज होती तशीच राहिली," बायको म्हणाली आणि गाढवाला जाम लावलेला पाव दिला.

नळसाहेब धाडधाड जिना उतरून जेवणघरात गेले. सगळे पाहुणे तिथे जमले होते. ते खुर्चीवर चढले.

"तलावाकडच्या खोल्यांत कोण आहे?"

एका दातांच्या डॉक्टरने हात वर केला.

"तुमच्याकडे जिराफ आला?"

"नाही हो. मला सांगितलं, आज टेकडीकडच्या बाजूला आहे."

"टेकडीकडे कोण?"

एक निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. "मला सांगितलं, दरवाजाकडच्या बाजूला."

"दरवाजाकडे मी!" नळसाहेबांनी छाती ठोकली. "आणि मला सांगितलं तलावाकडे! मंडळी, हा डाव मी ओळखतो. आमच्या ऑफिसात हा डाव मीच..." इथे ते खोकले. "ते असो. बोलवा मॅनेजरला!"

मॅनेजर आला. पेपरवेट नव्हता म्हणून हात नुसतेच फिरवत होता.

"जिराफ कुठे आहे?"

"नोंदवून..."

"किती जिराफ आहेत? आकडा!"

"वरून..."

"वरून नाही, तोंडातून!"

मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून अशी नजर रोखली की मॅनेजरचा चेहरा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा झाला. "नाही जिराफ," तो पुटपुटला. "कधीच नव्हता. फोटो एका कॅलेंडरवरचा आहे. इथे फक्त ससे आहेत, आणि ते पण लाजाळू."

जेवणघरात टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरने शिट्टी मारली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शाबास!" लोक हात मिळवायला धावले. उभ्या आयुष्यात नळसाहेबांना कोणी शाबास म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले. बायको जिन्याशी उभी होती. तिच्याकडे वळून ते गर्दीवरून ओरडले, "ऐकलंस? सिद्ध केलं मी! सगळ्यांसमोर! जिराफ नाहीच! कधी येणारच नव्हता!"

"ऐकलं," बायको म्हणाली. तिच्या कानाला मोबाईल होता. "हो गं आई, सामान बांध. मागची खोली, तीच. हो, आतून कडीसुद्धा आहे... छे गं, नाराज कसले! लोक त्यांना खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी आहेत."